यंदा गावी जायचं नाही, मग मुलांची दिवाळी कशी करायची?

ही २०२० ची, कोरोनाच्या वर्षातली दिवाळी. वाचक ताईंचं पत्र थोडक्यात: त्या ठाण्यात फ्लॅटमध्ये राहतात, वर्क फ्रॉम होम करतात. नवरा बँकेत आहे, रोज लोकलने ऑफिसला जातो. लेक ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. दरवर्षी वसुबारसेच्या आदल्या रात्री चौघं साताऱ्याकडच्या गावी जातात. तिथे सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची मुलं, भावकीतली मुलं, सगळ्यांची मिळून दिवाळी असते. सासूबाई सत्तरीच्या, त्यांना शुगर आहे, सासऱ्यांची बायपास झालेली. यंदा जाऊ नये असं ताईंना वाटतंय. नवऱ्याचं म्हणणं, आता सगळं उघडलंय, आपण टेस्ट करून जाऊ. जाऊबाई फोनवर बोलून गेल्या की "आम्ही काय रोग घेऊन बसलोय का इथे?" मुलांना कमी वाटू नये म्हणून ताईंनी वसुबारस ते भाऊबीज रोजच्या ॲक्टिव्हिटींचा तक्ता करून फ्रिजवर लावलाय, सामानही ऑनलाइन मागवलंय, पण लेक त्याकडे बघत नाही, "ही खरी दिवाळी नाहीच" म्हणून रडते. गावी शेजारच्या घरातले चुलत आजोबा, ज्यांना सगळी मुलं अण्णा म्हणायची आणि जे दरवर्षी पोरांना घेऊन अंगणात किल्ला करायचे, ते सप्टेंबरमध्ये कोरोनाने गेले. ताई विचारतात, जावं की नाही? आणि नाही गेलो तर मुलांना काहीच मिस होणार नाही अशी दिवाळी घरात कशी करायची?

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना प्रश्न दिसला आणि दुसऱ्यांदा वाचताना तुमचं दमणं दिसलं. मार्चपासून ऑफिस, स्वयंपाक, दोन मुलांची ऑनलाइन शाळा, रोज बाहेर जाणाऱ्या नवऱ्याची धास्ती, आणि त्यात घरातलं एक माणूस गेलं ज्याच्या शेवटच्या दर्शनालासुद्धा तुम्हाला जाता आलं नाही. एवढं सगळं अंगावर असताना तुम्ही पाच दिवसांचा रंगीत तक्ता केलात. तुम्ही कमी पडताय असं पत्रभर तुम्हाला वाटत राहिलंय, मला तसं कुठेच दिसलं नाही.

आता पहिला प्रश्न, त्याचं उत्तर मी गोल गोल देणार नाही. यंदाच्या दिवाळीत गावी जाऊ नका असंच माझं मत आहे.

तुमचे मिस्टर म्हणतात सगळं उघडलंय, ते खोटं नाही. ५ ऑक्टोबरपासून हॉटेलं निम्म्या क्षमतेने सुरू झाली, परवा ५ नोव्हेंबरला थिएटरंही उघडली, सप्टेंबरात पेशंट जसे रोज वाढत होते तसे आता वाढत नाहीयेत. पण हे उघडलंय ते लोकांची पोटं चालावीत म्हणून. रोग गेला म्हणून नाही उघडलेलं, आणि ९ वर्षांच्या मुलीची शाळा अजून बंद आहे ती काही उगीच नाही. शिवाय तुमच्या घराचं गणित वेगळं आहे. रोज लोकलचा प्रवास, दिवसभर काउंटरवर माणसांशी संबंध, आणि दुसऱ्या टोकाला शुगर असलेली आजी आणि बायपास झालेले आजोबा. मधे दोन मुलं, ज्यांना लक्षणं दिसलीच नाहीत असंही होऊ शकतं, कारण बऱ्याच मुलांना हा आजार अगदी सौम्य होतो किंवा कळतच नाही.

टेस्टबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण या एका गोष्टीवर यंदा खूप घरं विसंबून आहेत. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे ज्या वेळी स्वॅब घेतला त्या वेळी त्यात विषाणू सापडला नाही, एवढंच. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला बहुतेकांना पाच-सहा दिवस लागतात, काहींना १४ दिवसांपर्यंत, आणि लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणजे सोमवारी टेस्ट केली, मंगळवारी निगेटिव्ह आली, बुधवारी ऑफिसला लोकलने गेले आणि रात्री गाडी काढली, तर त्या कागदाला काय अर्थ उरला? टेस्टच्या आधी आणि नंतर चौघंही घरात बसून राहिला असतात तर गोष्ट वेगळी होती, पण बँकेतल्या माणसाला दोन आठवडे कोण घरी बसू देणार.

आणि एक कारण असं आहे जे तुमच्या पत्रात नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठं आहे. समजा तुम्ही गेलात. सगळी काळजी घ्यायची असं ठरवून गेलात. मग पाच दिवस तुम्ही काय करणार? "आजीजवळ जाऊ नको", "आजोबांच्या ताटात हात घालू नको", "मास्क वर कर", "तिच्या कुशीत झोपायचं नाही". पाच वर्षांच्या मुलाला आठ महिन्यांनी आजी दिसल्यावर लांब थांबायला सांगणं हे त्याच्या वयाला न झेपणारं आहे, तो पळत जाणार आणि मिठी मारणारच. मग तुम्ही ओरडणार. आणि देव न करो, त्यानंतर तिकडे कुणी आजारी पडलं तर नऊ वर्षांची मुलगी बरोब्बर जोडणार की माझ्यामुळे झालं. मोठ्यांना कितीही वाटलं की तिला कळलं नसेल, तरी मुलं हे हिशेब मनातल्या मनात करतात आणि कुणाला सांगत नाहीत. असलं ओझं मुलांच्या डोक्यावर यायचा धोका तरी का घ्यायचा?

तरीही घरच्या चर्चेत जायचंच ठरलं, तर निदान इतकं करा: स्वतःच्या गाडीने जा, मधे हॉटेलात बसून जेवू नका, मुक्काम न करता सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, पंगत अंगणात मोकळ्या हवेत आणि दोन्ही घरची माणसं अंतर ठेवून बसवा, आणि चौघांपैकी एकालाही नुसता घसा खवखवतोय असं वाटलं तरी बेत रद्द. मला विचाराल तर असं एक दिवसाचं जाणं दिवाळी झाल्यावर करा, गर्दी ओसरल्यावर, मिस्टरांना सलग सुट्टी मिळेल आणि त्याआधीचे काही दिवस घरात काढता येतील तेव्हा. तारीख मात्र मुलांना आत्ता देऊ नका. या वर्षात मुलांना दिलेल्या किती तारखा मोडल्या आपण.

आता जाऊबाई. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलंय, साहजिक आहे. पण त्यांच्या बाजूने एकदा बघा. शहरातली माणसं येत नाही म्हणाली की गावाकडे ऐकू येतं ते असं, की आमचं घर अस्वच्छ, आम्ही काळजी घेत नाही. त्यात त्यांच्या शेजारचं माणूस गेलंय, तेरा दिवस त्यांनीच सगळं निभावलंय, आणि आता सणालाही कुणी येत नाही म्हटल्यावर त्यांना एकटं पडल्यासारखं वाटत असेल. त्यांना मेसेज करू नका, फोन करा, आणि सरळ म्हणा की "वहिनी, भीती आमचीच आहे. हे रोज लोकलने जातात, आमच्याकडून आईंना काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" मला वाटतं, हे ऐकल्यावर त्यांचा निम्मा राग जाईल. उरलेला वेळेवर सोडा. आणि अण्णांच्या घरी, त्यांच्या बायकोला, दिवाळीच्या दिवशी आठवणीने वेगळा फोन करा. तो राहू देऊ नका.

एक गोष्ट मला खटकली, सांगू? तुमच्या अख्ख्या पत्रात मिस्टरांचं मत आहे, जाऊबाईंचं आहे, लेकीचं आहे, पण सासूबाईंचं स्वतःचं मत कुठेच नाही. ज्यांच्या जिवासाठी हा सगळा विचार चाललाय त्यांना कुणी विचारलं का? कदाचित त्या म्हणतील या रे बाबांनो. कदाचित त्यांनाच भीती वाटत असेल आणि मुलगा दुखावेल म्हणून बोलत नसतील. बऱ्याच घरांत असं होतं की तरुण मंडळी आईला वाईट वाटेल म्हणून जातात आणि आई मुलाला वाईट वाटेल म्हणून ये म्हणते. मिस्टरांना म्हणावं, एकट्याने फोन करा आणि मोकळेपणी विचारा. आणि सासऱ्यांना समजावायचं असेल तर वारीची आठवण करून द्या, तुमच्या साताऱ्याच्या माणसांना ते लगेच पोचेल. दरवर्षी माउलींची पालखी लोणंद-फलटणवरून चालत जाते, यंदा पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, वारकरी घरी थांबले. ज्यांनी आयुष्यात वारी चुकवली नाही त्यांनी यंदा थांबून दाखवलं. गणपतीतही घरची मूर्ती २ फुटांपर्यंत, मंडळाची ४ फुटांपर्यंत, हे लोकांनी मान्य केलंच ना.

आता दुसरा प्रश्न, आणि खरं तर माझं पान याच्यासाठीच आहे. तुम्ही लिहिलंय "मुलांना काहीच मिस होणार नाही अशी दिवाळी". ताई, अशी दिवाळी यंदा होणार नाही. कुणाच्याच घरी नाही. आणि ती तुम्ही करून दाखवली पाहिजे हे कुणी ठरवलं?

तुमची लेक म्हणाली ही खरी दिवाळी नाही. त्यावर तुम्ही काय उत्तर दिलं ते पत्रात नाही, पण बहुतेक आपण सगळ्या आया म्हणतो तेच म्हणाला असाल, अगं बघ तरी किती मज्जा करणार आहोत आपण, कंदील करणार, पणत्या रंगवणार. तिला ते नको होतं. तिचं म्हणणं बरोबर आहे की, तिच्यासाठी दिवाळी म्हणजे पहाटे अंधारात अंगणात दहा-बारा पोरं, चुलीवर तापलेलं पाणी, आणि अण्णा. तिला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं की हो गं, नाहीये ही तशी दिवाळी, मला पण रडू येतंय. एवढं म्हणून तिच्याजवळ बसा. लगेच पुढचा बेत सांगू नका. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काय लागेल ते.

अण्णांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय आणि मला वाटतं लेकीच्या रडण्याचं मूळ तिथे आहे. घरातलं आवडतं माणूस फोनवर आलेल्या बातमीतून गेलं, त्यांना शेवटचं पाहिलं नाही, घरात चार दिवस मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती, मग परत ऑनलाइन शाळा सुरू. मुलांसाठी ही गोष्ट पूर्ण झालेलीच नाहीये. दिवाळी जवळ आली तशी ती वर आली, कारण किल्ला आणि अण्णा हे तिच्या डोक्यात एकच आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की यंदा घरात एकच मोठी गोष्ट करा आणि ती म्हणजे किल्ला, आणि त्याची प्रमुख तुमची लेक. तिला विचारा अण्णा कसा करायचे, आधी दगड लावायचे की विटा, बुरुज कशाचा, माती कशी भिजवायचे. तिला सगळं आठवत असेल, तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. फ्लॅटमध्ये किल्ला होतो, बाल्कनीत किंवा दारापाशी जुना प्लायचा तुकडा, खाली जाड प्लास्टिक, दोन-चार विटा, नर्सरीतली एक पोतं माती, आणि तरटाचा तुकडा गेरूच्या चिखलात बुडवून वरून टाकला की डोंगराच्या घड्या आपोआप पडतात. हळीव किंवा मोहरी आज-उद्याच पेरा, तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, म्हणजे गुरुवारी १२ तारखेला वसुबारसेपर्यंत हिरवं होईल. धाकट्याचं काम पाणी शिंपडायचं, रोज सकाळी, स्प्रेच्या बाटलीने, आणि ते त्याचंच काम, दुसऱ्या कुणी करायचं नाही. किल्ला कुठला ते मुलांना ठरवू दे. राजगड करायचा असेल तर मधे बालेकिल्ला आणि बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, सिंधुदुर्ग करायचा तर परातीत पाणी भरून मधे बेट. गावाकडे चुलत भावंडंही अंगणात करतीलच, दोन्हीकडून रोज एक फोटो. आणि वाकडा झाला, बुरुज ढासळला, मावळे किल्ल्यापेक्षा मोठे दिसले तरी हात लावू नका, प्लीज.

अण्णांचं नाव घरात मोठ्याने घ्या. पाच वर्षांच्या मुलाला सांगताना "अण्णा वारले, ते आता परत येणार नाहीत" असं साधं सांगा. झोपलेत, लांब गावाला गेलेत असं सांगितलं तर या वयाची मुलं ते शब्दशः धरतात, मग कुणीतरी झोपलं किंवा गावाला गेलं तरी घाबरतात. तो विचारेल, मग आजी पण मरणार का? तेव्हा दचकू नका. आजी आत्ता बरी आहे आणि तिला बरं ठेवायलाच आपण थांबलोय, हे त्याला पुरतं, आणि ते खरंही आहे. फक्त "तू गेलास तर आजी आजारी पडेल" असं चुकूनही म्हणू नका, आपण सगळे मिळून थांबलोय असं म्हणा.

आता तो फ्रिजवरचा तक्ता. मला त्यातली मेहनत दिसते, पण तो काढून ठेवा. त्याच्यात सगळं तुम्ही ठरवलंय, तुम्ही सामान आणलंय, मुलांनी फक्त ठरलेल्या वेळी येऊन आनंदी व्हायचंय. मुलं गेले आठ महिने हेच करतायत, स्क्रीनसमोर बसून कुणीतरी ठरवलेलं करायचं आणि मग छान म्हणून घ्यायचं. गावच्या दिवाळीत त्यांना कोण ॲक्टिव्हिटी देत होतं? कुणी नाही. तिथे कामं होती. पणत्या पाण्यात भिजवून ठेव, म्हणजे तेल पिणार नाहीत. शेण घेऊन ये. शंकरपाळ्या कापून झाल्या की वेगळ्या कर, चिकटलेल्या नकोत. मोठ्या काकूला हाक मार. ती कामं खरी होती, मुलांनी केली नाहीत तर अडायचं, आणि म्हणून त्यांना तिथे आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. घरातल्या दिवाळीत मुलांना असं अडणारं काम द्या, बाकी करमणुकीचं ती स्वतः बघतील.

सगळ्यात चांगलं अडणारं काम मला सुचतंय ते फराळाच्या वहीचं. लेकीला एक नवी वही द्या आणि आजीचा सगळा फराळ लिहून घ्यायचं काम सोपवा. आजी अंदाजाने सांगणार, दोन ओंजळी डाळ, चिमूटभर ओवा, हाताला कळेल इतकं मोहन. मग ही म्हणणार आजी, ओंजळ म्हणजे किती वाट्या? मग आजी तिकडे ओंजळ भरून वाटीने मोजणार. भाजणीचे तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ वेगवेगळं का भाजायचं, एकत्र भाजलं तर काय होतं, असले प्रश्न नऊ वर्षांची मुलगीच विचारू जाणे. याने काय होतं बघा, आजीशी बोलायला खरंखुरं कारण मिळतं. नाहीतर व्हिडिओ कॉलवर मुलं दोन मिनिटांत पळून जातात, जेवलीस का, अभ्यास करतेस का, संपलं. आणि आजीलाही वाटतं की माझ्याशिवाय यांचं अडतंय, जे या वर्षात म्हाताऱ्या माणसांना फार कमी वाटलंय. चकल्या तुटल्या तर तुटू देत, त्याचाही फोन होईल.

कॉलचंही एक सांगते. समोरासमोर बसून गप्पा मारायचा कॉल मुलांना नको असतो. फोन ओट्यावर टेकवून ठेवा, तिकडे जाऊबाई करंज्या भरतायत, इकडे तुम्ही, मुलं मधेच येतायत जातायत, कुणी बोललं तर बोललं. तास-दीड तास नुसता चालू राहू दे. नरकचतुर्दशीच्या पहाटे, शनिवारी १४ तारखेला, दोन्ही घरची पोरं उटणं लावून एकमेकांना दिसली की "मी आधी उठलो" हे भांडण आपोआप सुरू होईल, आणि त्या भांडणात निम्मी दिवाळी असते. कारीट मिळालं तर फोडायला द्या. त्याच दिवशी संध्याकाळी लक्ष्मीपूजन आहे, म्हणजे एकाच दिवसात दोन्ही, तर पहाटे उठलेली मुलं संध्याकाळी किरकिरणार, दुपारी त्यांना झोपवा आणि तुम्हीही झोपा.

कंदील, रांगोळी, पणत्या रंगवणं हे सगळं आहेच, त्यावर मी वेगळं लिहीत नाही, मुलांना वाटलं तर करतील. सामान आलंय ते एका खोक्यात घालून त्यांच्या हाताला लागेल असं ठेवा आणि विसरून जा.

भाऊबीज सोमवारी १६ तारखेला आहे, पाडवाही त्याच दिवशी. लेक भावाला ओवाळेलच, पण गावच्या चुलत भावांना दरवर्षी ओवाळत असेल तर त्यांचं काय? आपल्याकडे भाऊ जवळ नसेल तर चंद्राला ओवाळायची जुनी पद्धत आहे, ती तिला सांगा. द्वितीयेची कोर असते, सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ पश्चिमेला खाली दिसते, मग तीही मावळते, त्यामुळे ताट आधी तयार ठेवून सहा वाजताच गच्चीवर किंवा जिथून पश्चिम दिसते तिथे जा, मास्क लावून, गर्दी नसेल अशा जागी. गावाकडची पोरं त्याच वेळी तोच चंद्र बघतील असं ठरवा.

फटाक्यांचं मुलं विचारतीलच. राज्य सरकारनंच यंदा फटाके टाळा असं आवाहन केलंय, आणि कारण मुलांना कळण्यासारखं आहे: धुराने फुप्फुसांना त्रास होतो, आणि आपल्याच बिल्डिंगमध्ये कोण नुकतं आजारातून उठलंय, कोण घरी उपचार घेतंय आपल्याला माहीतही नसतं. हे फक्त "नाही म्हणजे नाही" करून सांगू नका, त्यांना माणसाचा विचार करून ठरवू दे. आणि हे मात्र सगळ्या आयांनी नीट वाचा: सॅनिटायझर लावलेल्या हातांनी पणती, समई, उदबत्ती काही पेटवायचं नाही. त्यात अल्कोहोल असतं आणि ते पटकन पेट घेतं. दिवाळीच्या चार दिवसांत मुलांचे हात साबण-पाण्याने धुवा, बाटली दिव्यांपासून लांब, शक्यतो कपाटात.

आता मिस्टर. त्यांच्याशी तुमचं भांडण टेस्ट आणि नियमांवरून चाललंय, पण मला वाटतं त्यांना गावी जायचंय ते वेगळ्याच कारणाने. अण्णा त्यांचेही कुणीतरी होते. त्यांनीही लहानपणी त्याच अंगणात त्याच माणसाबरोबर किल्ला केला असणार. आणि त्यांनाही निरोप घेता आला नाही, दुसऱ्या दिवशी लोकल पकडून ऑफिसला गेले असतील. त्यांना एकदा एवढंच विचारा की "तुम्हाला अण्णांची आठवण येते का?" आणि मग गप्प बसा. किल्ल्याची माती आणणं, विटा चढवणं हे काम त्यांच्यावर सोपवा. ते आणि लेक मिळून करतील, त्यात तुम्ही जाऊच नका. हे मी तुम्हाला सुट्टी मिळावी म्हणूनही म्हणतेय. फराळात दोनच पदार्थ घरी करा, बाकी ओळखीतल्या एखाद्या बाई विकत करून देतात त्यांच्याकडून घ्या. यंदा कितीतरी बायकांचं घर त्या फराळावर चाललंय.

तुमच्यासारख्याच घरांसाठी अजून थोडं. ज्यांच्या घरी यंदा पगार कापला गेलाय किंवा नोकरी गेलीये त्यांनी मुलांपासून ते लपवू नका. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला "यंदा पैसे कमी आहेत म्हणून एकच नवीन कपडा" हे सांगितलं तर कळतं, आणि यादी करून काय घ्यायचं काय नाही हे ठरवायला त्यालाच बसवलं तर तो मोठ्या माणसासारखा ठरवतो. घरात कुणी क्वारंटाइन असेल तर बंद दाराबाहेर रांगोळी काढणं, चिठ्ठी सरकवणं, दाराच्या आतून-बाहेरून फोनवर गाणी म्हणणं, हे मुलं फार मनापासून करतात. एकच मूल असलेल्या घरांनी सोसायटीतल्या एखाद्या घराशी बोलून ठेवा, दोघा मुलांना मोकळ्या आवारात, मास्क लावून, तासभर खेळू द्या, बंद घरात नको. मोकळी हवा, कमी माणसं, थोडा वेळ, एवढं सांभाळलं तर मुलांना अगदी कोंडून ठेवायची गरज नाही.

शेवटचं म्हणजे गावी पार्सल पाठवा, आणि ते आजच्या आज बांधायला घ्या, कारण दिवाळीच्या आठवड्यात पोस्टात गर्दी असते आणि उशीर होतो. त्यात लेकीने आजीला लिहिलेलं पत्र, धाकट्याचं चित्र, चुलत भावंडांसाठी छोटं काहीतरी, मुलांच्या दिवाळी अंकाची एक प्रत, आणि तसाच दुसरा अंक तुमच्याकडे, म्हणजे रात्री आजोबा तिकडून एक गोष्ट वाचतील आणि मुलं इकडे चित्रं बघत ऐकतील. अण्णांच्या घरच्यांसाठी वेगळी चिठ्ठी घाला. पत्ता लेकीच्या अक्षरात, पिनकोड नीट तपासून.